नकार कोणाचा?

'स्विच' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे बटण येते. दूरसंचाराच्या व्यवहारात मात्र हा शब्द निराळ्या यंत्राला लावतात. आलेला निरोप कोणाकडे जायचा आहे हे पाहून त्याला योग्य त्या मार्गावर वळवून देणारे यंत्र म्हणजे स्विच. अमेरिकेत रेल्वेच्या रुळांच्या सांध्यालाही स्विचच म्हणतात. तेव्हा या यंत्राला सांधेवाला म्हटले तर फारसे चुकणार नाही. सांधेवाल्याकडे प्रवाशांचे लक्ष जात नाही. ज्या दिवशी तो सांधा बदलत नाही त्या दिवशी मात्र सारी गाडी त्याच्या नावाने खडे फोडते.

आम्ही मराठीचे अध्यापक. तारा आणि यंत्रे हा आमचा प्रांत नव्हे. परंतु या सांधेवाल्यांच्या इतिहासात भाषेच्या अभ्यासकाने थबकावे असे बरेच काही आहे. ही यंत्रे आपसांत बोलतात. आणि त्यांचा इतिहास वाचताना वारंवार आढळते ते असे की, जाळी तुटली ती बहुधा तारा तुटल्यामुळे नव्हे, तर या आपसांतल्या बोलण्यामुळे.

स्वयंचलित स्विचच्या जन्माची कथाच मुळी एका नकाराची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा व्यवसाय करीत. त्या काळी टेलिफोन जोडून देण्याचे काम एक्स्चेंजमधील स्त्रिया हाताने करीत. स्ट्रोजर यांचा ग्रह असा झाला की आपल्याकडे येणारी गिऱ्हाइके एक्स्चेंजमधूनच दुसरीकडे वळवली जातात. प्रतिस्पर्ध्याची बायकोच तेथे कामाला होती, असे या कथेच्या एका प्रचलित रूपात सांगतात. दंतकथेला लागणारा मसाला म्हणून ते सोडून द्यावे. एवढे खरे की माणसाच्या मर्जीवर न चालणारे जोडणीयंत्र त्यांनी कल्पिले, १८९१ साली त्याचे पेटंट मिळवले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी तसे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. यंत्राला मर्जी नसते, म्हणून यंत्र नकार देणार नाही, असा स्ट्रोजर यांचा तर्क असावा. पुढल्या शंभर वर्षांनी तो तर्क कसा पारखला हे पाहण्याजोगे आहे.

संगणकशास्त्रात 'डिनायल ऑफ सर्व्हिस' असा एक पारिभाषिक शब्द आहे. आपण त्याला सेवानकार म्हणू. यात चोरी होत नाही, कोणाचे गुपित वाचले जात नाही. हक्काच्या माणसाला सेवा मिळू नये एवढीच तजवीज केली जाते. दाराशी एवढी गर्दी करायची की खऱ्या गिऱ्हाइकाला उंबरठा ओलांडता येऊ नये, हा त्याचा ढोबळ प्रकार. याहून सूक्ष्म प्रकारात गर्दीची गरज नसते. दारवानाला नेमका एक चुकीचा शब्द ऐकवला की तो स्वतःच दार लावून घेतो. स्विचांच्या बाबतीत हा दुसरा प्रकार अधिक घातक ठरला, आणि त्याची पहिली मोठी उदाहरणे घडली तेव्हा समोर कोणी शत्रू उभाच नव्हता.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप, कित्येक तास बंद पडले. या जाळ्यातील स्विचांना 'इंटरफेस मेसेज प्रोसेसर' असे लांबलचक नाव होते, संक्षेपाने इम्प. प्रत्येक इम्प आपल्या भोवतालच्या तारांची खुशाली ठरावीक काळाने साऱ्या जाळ्याला कळवी. निरोप जुना की नवा हे ओळखता यावे म्हणून त्यावर ० ते ६३ यांपैकी क्रमांक असे, आणि ६३ नंतर पुन्हा ० येई. घड्याळाच्या तबकडीवर जसे बारानंतर एक वाजतो, तसेच हे. दोन क्रमांकांपैकी तबकडीवर जवळच्या अंतराने जो पुढे तो नवा, असा नियम होता. नियम सोपा आहे आणि सामान्य दिवशी बिनचूकही आहे.

त्या दिवशी ५० क्रमांकाच्या इम्पकडून निघालेल्या निरोपाच्या तीन प्रती जाळ्यात फिरू लागल्या. त्यांचे क्रमांक होते ४४, ४० आणि ८. हे तीन आकडे संगणकाच्या द्विमान लिपीत मांडले तर खुलासा होतो : १०११००, १०१०००, ००१०००. पहिल्यातील एक '१' गळाला की दुसरा आकडा होतो, दुसऱ्यातील एक गळाला की तिसरा. स्मृतीतली अक्षरे गळत होती, आणि संशयाची सुई शेजारच्या २९ क्रमांकाच्या इम्पकडे वळली. तारेवरून जाताना होणारे बिघाड ओळखण्याची सोय होती. यंत्राच्या पोटात निरोप ठेवलेला असताना झालेला बिघाड मात्र तिच्या नजरेतून निसटे. आता नियम लावून पाहावा. ४० पेक्षा ४४ नवा. ८ पेक्षा ४० नवा, कारण अंतर नेमके ३२ असले तरी ते नियमात बसत होते. आणि ४४ पेक्षा ८ नवा, कारण ४४ वरून निघून शून्य ओलांडून ८ वर येण्यास अठ्ठावीसच पावले पडतात. तिघेही एकमेकांहून नवे! प्रत्येक इम्प एक निरोप स्वीकारी, शेजाऱ्याला कळवी, तोच दुसरा 'अधिक नवा' निरोप येई. तो स्वीकारावा तो तिसरा. खुशालीच्या निरोपांना इतर सर्व कामांहून अग्रक्रम दिलेला असल्यामुळे लोकांचे निरोप पोचवायला कोणाला उसंतच उरली नाही. एकही यंत्र नियमाबाहेर वागत नव्हते. उलट सगळी यंत्रे नियम इतक्या निष्ठेने पाळीत होती की त्या पालनातच ती गुंतून पडली.

उपाय मोठा मासलेवाईक निघाला. सर्व इम्पांच्या आज्ञावलीत अशी दुरुस्ती घालण्यात आली की ५० क्रमांकाच्या इम्पकडून आलेली खुशाली ऐकूच नये. आपल्याकडच्या जुन्या गावगाड्यात ज्याला वाळीत टाकणे म्हणत तेच हे. आणि तेही ज्याच्या नावावर निरोप निघाले त्याला, ज्याच्या पोटात ते बिघडले असा संशय होता त्याला नव्हे. जाळे पुन्हा चालू झाले.

या घटनेचे टिपण ते जाळे सांभाळणाऱ्या बीबीएन या कंपनीतील एरिक रोझेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केले. शीर्षकातच त्यांनी दुबळेपणा, भेद्यता या अर्थाचा शब्द वापरला आहे. कोणी हल्ला केला नव्हता, तरी भेद्यता होती. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक असा हा कागद आहे. आपल्याच घरातील पडझडीचे इतके निर्विकार वर्णन, दोष कोणावरही न ढकलता केलेले, आमच्या वाङ्मयीन वादविवादांतसुद्धा क्वचित वाचायला मिळते. असो.

यानंतर सुमारे नऊ वर्षांनी, १५ जानेवारी १९९० रोजी, जे घडले त्याची व्याप्ती कितीतरी मोठी होती. तो सोमवार होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृत्यर्थ असलेली सुटी. दुपारी सुमारे अडीच वाजता एटी अँड टी या कंपनीच्या न्यू जर्सी येथील नियंत्रणकेंद्रातील भिंतीएवढ्या नकाशावर तांबड्या रेषा उमटू लागल्या. कंपनीचे लांब पल्ल्याचे जाळे ११४ प्रचंड स्विचांवर उभे होते, आणि ते एकामागून एक स्वतःला बंद करून पुन्हा चालू होत होते. नऊ तास हा खेळ चालला. सुमारे सात कोटी फोन लागले नाहीत. ज्यांनी एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात घामाघूम होऊन 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं' ही ध्वनिमुद्रित बाई ऐकली आहे त्यांना यात काय एवढे, असे वाटेल. पण अमेरिकन माणसाच्या लेखी फोन लागणे ही सूर्योदयासारखी गोष्ट होती, आणि ही कंपनी तर आपल्या भरवशाचीच जाहिरात करीत असे.

झाले ते असे. न्यूयॉर्कमधील एका स्विचमध्ये किरकोळ बिघाड झाला. अशा वेळी त्याने काय करावे हे ठरलेले होते : शेजाऱ्यांना 'मला नवे फोन पाठवू नका' असे कळवायचे, चार-सहा सेकंदांत स्वतःला सावरायचे आणि पुन्हा कामास लागायचे. पूर्वी सावरल्यावर 'मी आता बरा आहे' असा वेगळा निरोप जाई. डिसेंबर १९८९ मध्ये साऱ्या ११४ स्विचांत नवी आज्ञावली घालण्यात आली, आणि वेळ वाचावा म्हणून हा औपचारिक निरोप तीत गाळला गेला. बऱ्या झालेल्या स्विचकडून पहिला फोन आला की तो बरा झाला असे शेजाऱ्याने समजून घ्यावे, अशी नवी रीत पडली. शेजारी मग आपल्या वहीत तशी नोंद करू लागे. ही नोंद चालू असताना, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, त्याच स्विचकडून दुसरा फोन आला तर मात्र गडबड होई. अर्धवट नोंदीवर दुसरी नोंद पडे, वही बिघडे, आणि वही बिघडल्याचे ध्यानात येताच शेजारी स्विच स्वतःला सावरण्यासाठी बंद होई. सावरून परत येताना तोही भराभर दोन फोन पाठवी. मग त्याचे शेजारी. आजार पसरत होता तो बरे झाल्याच्या निरोपातून.

दोष कोठे होता हे पुढे सापडले, आणि येथे आम्हां भाषेच्या मास्तरांना राहवत नाही. ती आज्ञावली 'सी' या संगणकभाषेत लिहिलेली होती. या भाषेत अनेक पर्यायांतून एक निवडण्यासाठी जी रचना आहे तिचेही नाव, योगायोगाने, 'स्विच' असेच आहे. आणि तीतून बाहेर पडण्याच्या आज्ञेचे नाव 'ब्रेक'. लिहिणाऱ्याने 'स्विच'च्या पोटात 'जर-तर'चे एक वाक्य लिहिले आणि त्या वाक्याच्या पोटात 'ब्रेक' घातला. 'जर-तर' मधून बाहेर पडावे एवढाच त्याचा हेतू असावा. भाषेच्या व्याकरणाप्रमाणे मात्र 'ब्रेक'चा संबंध 'जर'शी लागतच नाही. तो बाहेरच्या 'स्विच'शी लागतो. त्यामुळे यंत्र जे काम करायचे ते टाकून दोन खोल्या एकदम ओलांडून बाहेर पडले. आपल्या व्याकरणकारांनी याला अन्वयाचा घोटाळा म्हटले असते. वर्गात विद्यार्थ्यांच्या निबंधात असे वाक्य आढळले की आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढतो आणि अर्धा गुण कापतो. येथे वाचक माणूस नव्हता, त्याने प्रश्नचिन्ह काढले नाही. आणि तेच वाक्य ११४ ठिकाणी शब्दशः सारखे लिहिलेले होते. सहा कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाल्याचे कंपनीने सांगितले. पुढे १४ फेब्रुवारीला, प्रेमिकांच्या दिवशी, फोनच्या दरात सवलत देऊन तिने लोकांचा राग शमवण्याचा प्रयत्न केला.

त्या रात्री स्विच पूर्ववत झाले ते निरोपांचा भार कमी केल्यावर. फोन विरळ झाले, दोन निरोपांमधले अंतर वाढले, आणि वह्या बिघडेनाशा झाल्या.

कंपनीने लवकरच जाहीर केले की दोष आमच्याच आज्ञावलीचा. परंतु एवढे मोठे संकट एका चुकीच्या शब्दाने ओढवू शकते हे मनाला पटणे कठीण असते. त्यामागे कोणीतरी असलेच पाहिजे. टेलिफोनच्या जाळ्यात घुसखोरी करणाऱ्या पोरांवर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा डोळा आधीपासूनच होता. २४ जानेवारी १९९० रोजी, म्हणजे नऊ दिवसांनी, न्यूयॉर्कमध्ये अशा काही तरुणांच्या घरांवर छापे पडले. संगणक, वह्या, फिती जप्त झाल्या, आणि १५ जानेवारीचा प्रकार तुमचाच, असा संशय त्यांच्यावर घेण्यात आला. ही मुले अगदी धुतल्या तांदळासारखी होती असे नव्हे. पण या गोष्टीशी त्यांचा संबंध नव्हता. त्याच सुमारास एका विद्यार्थी संपादकावर टेलिफोन कंपनीचा एक दस्तऐवज छापल्याबद्दल खटला भरण्यात आला. त्या कागदाची किंमत ७९,४४९ डॉलर लावली होती. जुलै १९९० मध्ये न्यायालयात निघाले ते असे की तसलीच माहिती कंपनी स्वतः तेरा डॉलरांना विकते. खटला कोसळला. ब्रूस स्टर्लिंग यांनी १९९२ साली 'द हॅकर क्रॅकडाउन' हे पुस्तक लिहिले. त्यात या धरपकडीची कथा १५ जानेवारीच्या त्या पडझडीपासूनच सुरू होते, आणि ते उचितच आहे. 'कसे झाले' हे शोधण्याआधी 'कोणी केले' हे शोधू लागले की काय घडते याचा तो दाखला आहे.

मात्र दोन प्रश्न वेगळे ठेवायचे म्हणून शत्रूचा विचारच करू नये असे नाही. १९८० च्या घटनेचा विचार ज्यांनी पुढे नेला त्यांत रेडिया पर्लमन या विदुषींचे नाव प्रथम घ्यावे लागेल. खुशालीचे क्रमांक गोल तबकडीवर न फिरवता कसे मांडावेत हे त्यांनी १९८३ साली दाखवले. आणि १९८८ च्या आपल्या प्रबंधात तर त्यांनी, जाळ्यातील एखादा स्विच खोटेच बोलू लागला तरी जाळे टिकेल कसे, हा प्रश्न हाती घेतला. बिघडलेला आणि लबाड, दोघांचे बोलणे ऐकणाऱ्याला सारखेच वाटते, हे त्यांनी जाणले होते. गंमत अशी की, त्यांची कीर्ती ज्या शोधावर उभी आहे तो १९८५ चा 'स्पॅनिंग ट्री' हा नियम मात्र परस्परविश्वासावर चालतो. कार्यालयांतले स्विच एकमेकांना वर्तुळात जोडले गेले तर त्यांत शिरलेला निरोप फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात, कारण त्या निरोपांना आयुष्याची मर्यादाच घातलेली नाही. म्हणून स्विचांनी आपसांत बोलून एक मुखिया निवडावा आणि जादा वाटा बंद करून जाळ्याला झाडाचे रूप द्यावे, अशी ती युक्ती. या शोधाबरोबर त्यांनी 'अल्गोराइम' नावाची एक विडंबनकविताही लिहिली. पण मुखिया होण्याची पात्रता कोणती? सर्वांत लहान क्रमांक सांगणे. तो सांगणारा खरा आहे की तोतया, हे मूळ नियमात कोणी विचारत नाही. तोतयांची परंपरा मराठी इतिहासाला नवी नाही. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पेशवाईला किती घोर लावला होता हे सर्वश्रुत आहे. येथे तर खातरजमा करण्यास पार्वतीबाईही नाहीत. पुढच्या काळातील स्विचांत, अनोळखी तारेवरून असा दावा आला की ती तारच बंद करावी, अशी सोय झाली. ती चालू करून ठेवणे हे मात्र माणसावर सोडलेले असते.

तोतया नसतानाही हे झाड किती सहज उन्मळते ते बॉस्टनमधील बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाने नोव्हेंबर २००२ मध्ये पाहिले. तेथले जाळे तुकड्यातुकड्याने वाढत गेले होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात टप्प्यांहून अधिक स्विच नसावेत, ही मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती. एका संशोधकाच्या प्रायोगिक आज्ञावलीने जाळ्यावर माहितीचा पूर सोडला, स्विचांचे आपसांतले बोलणे त्या पुरात बुडाले, मुखिया कोण आणि बंद वाटा कोणत्या याचा मेळ राहिला नाही, आणि निरोप गोल फिरू लागले. सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चालले. तपासण्यांचे निकाल माणसे हातात घेऊन धावत होती. कागदावर औषधयोजना लिहिण्याची सवय नसलेल्या तरुण डॉक्टरांना वडीलधाऱ्यांनी ती शिकवली. माहिती विभागाचे प्रमुख जॉन हालाम्का यांनी नंतर ही हकीकत इतर रुग्णालयांना उघडपणे सांगितली. रोझेन यांच्या टिपणाशेजारी ठेवावी अशीच ही वृत्ती आहे.

जुलै २००३ मधील सिस्को या कंपनीचे प्रकरण याहून थंड, म्हणून अधिक भयावह वाटते. तिच्या राउटरांत व स्विचांत अशी त्रुटी निघाली की विशिष्ट प्रकारचे पाकीट यंत्रापाशी पोचून तेथेच त्याचे आयुष्य संपत असले, तर यंत्र ते रांगेत घेई आणि रांगेतून कधी काढीतच नसे. रांग सामान्यतः पंचाहत्तर पाकिटांची. तेवढी भरली की ते दार बंद. यंत्र कोसळत नसे, पुन्हा चालू होत नसे, धोक्याची घंटाही वाजत नसे. एखाद्या कचेरीतील खिडकीमागे कारकून बसलेला दिसावा आणि त्याने कोणाचाच कागद घेऊ नये, तसे. आज्ञावली दुरुस्त करेपर्यंत, दार मोकळे करायचे तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे एवढाच मार्ग. कंपनीने मोठ्या सेवादात्यांना आधी विश्वासात घेतले, मग जगाला सांगितले. आणि काही दिवसांतच हल्ल्याची तयार आज्ञावली जालावर प्रसिद्ध झाली. आधी कोणाला सांगावे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. थोरामोठ्यांना आधी कळवण्यात अन्याय आहे हे उघड आहे, पण सर्वांना एकाच क्षणी कळवले असते तर ज्या जाळ्यांवरून इतरांना दुरुस्ती पोचायची तीच प्रथम पडली असती. आमचा कौल कंपनीच्या बाजूने पडतो, काहीसा नाइलाजाने.

अलीकडचे उदाहरण कॅनडातले. ८ जुलै २०२२ रोजी पहाटे रॉजर्स या कंपनीच्या जाळ्यात सुधारणा करताना, माहिती गाळून पुढे पाठवणारी एक चाळणी काढली गेली. मार्गांची सारी अगणित माहिती मध्यवर्ती यंत्रांवर कोसळली आणि ती यंत्रे बेशुद्ध पडली. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट गेले. डेबिट कार्डे चालेनात, अनेकांना तातडीच्या मदतीचा ९११ हा क्रमांकही लागेना. नियामक मंडळाने नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल पुढे प्रसिद्ध झाला, त्यात एक साधी गोष्ट आहे. बिघाड शोधायला निघालेल्या अभियंत्यांपाशी होते ते याच कंपनीचे फोन, आणि यंत्रांपर्यंत पोचण्याची वाटही याच जाळ्यातून जात होती. तेव्हा त्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून प्रतिस्पर्धी कंपन्यांची सिमकार्डे माणसांकरवी पाठवावी लागली. नेमके कारण हाती यायला सुमारे चौदा तास गेले.